गोळीचा वाटा

आमच्या वाडीच्या मुंबई मंडळानं आजवर देवळाच्या कळसासाठी वर्गणी काढली, पाण्याच्या टाकीसाठी काढली, पालखीच्या नव्या गोंड्यांसाठी काढली, आणि एका वर्षी तर नुसत्या लाउडस्पीकरसाठी काढली. याच मंडळानं मेंदूच्या आजारावरच्या संशोधनासाठी दोनदा वर्गणी काढली, हे मात्र कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. दोन्ही वेळा निमित्त आमच्या घराचं होतं. पहिल्या वेळी माझी मान ताठ झाली होती. दुसऱ्या वेळी ती खाली गेली, ती अजून वर आलेली नाही.

वाडी पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या रस्त्याला लागून थोडं आत चढलं की येते. तीसेक घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद, कारण माणसं मुंबईला. जी उरली आहेत ती माझ्या आईवडिलांसारखी, सत्तरी ओलांडलेली, जमेल तेवढी नाचणी-वरी लावणारी आणि मुलांच्या फोनची वाट बघणारी. मी फार लांब गेले नाही. महाडला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पंचवीस वर्षं मुलांकडून निरीक्षण, प्रयोग, अनुमान असं घोकून घेते आहे. मला स्वतःला त्यातलं निरीक्षण किती जमतं, ते पुढे दिसेलच.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात हलायला लागला तेव्हा ते म्हणाले, "हात हाय, हलनारच." आई म्हणाली, कोयता धरून धरून शिरा आखडल्यात. आम्ही तेल लावलं, अंगारा लावला, महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवलं. पाण्यात हात जरा शांत झाला, तर आबा एकदम खूश. बाहेर येऊन पंचा नेसायला लागले आणि पुन्हा सुरू. तिथं काठावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना ते सांगत होते, "पान्यात बरा व्हता." जसा काही तो हात त्यांचा नव्हताच, दुसऱ्याच कुणाचं तरी द्वाड पोर होतं. शेवटी महाडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स, आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. गोळ्या सुरू झाल्या. दोनेक वर्षं बरी गेली, मग त्या गोळ्यांचा अंमल मधेच संपायला लागला.

आबांनी कधी तक्रार केली नाही. फक्त पंगतीला बसणं सोडलं. लग्न असो, बारसं असो, पूजा असो, यजमान पान वाढायला लागले की आबा म्हणायचे, "मी मागनं जेवतो," आणि घरी निघून यायचे. घरी आई भरवायची. ज्या माणसानं उभ्या जन्मात प्रत्येक पंगतीत शेवटचा भात मागून घेतला, तो माणूस ताटातलं वरण शेजारच्याच्या धोतरावर सांडेल म्हणून घरी पळायचा. बाकी चालणं मंदावलं, बोलणं तोंडातल्या तोंडात झालं, त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना एकच हवं होतं, चार माणसांत बसून आपल्या हातानं जेवणं. मलाही त्यांच्यासाठी तेवढंच हवं होतं.

समोरच्या घरात काका राहतो. सख्खा नव्हे, आबांचा चुलत भाऊ. दोघांचं खळं एक, गुरं एकत्र, भांडण रोजचं. आबांच्या पाठोपाठ दोन वर्षांत काकाचाही हात हलायला लागला. त्याचा डावा. वाडीनं लगेच म्हणून घेतलं, या दोघांनी जमिनीची वाटणी कधी केली नाही, आजाराची मात्र केली. आम्हीसुद्धा हसलो. संध्याकाळी दोघं आमच्या ओटीवर समोरासमोर बसायचे आणि एकमेकांचे हात बघायचे. "आज तुजा जास्त हाय." "नाय, तुजा."

अशात मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा शोध लागला. त्या या आजारावरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास करत होत्या आणि त्यांना रुग्ण हवे होते. मी दोघांनाही घेऊन गेले. काकाचं हृदय तपासलं, ठोके बरोबर पडत नव्हते, त्याला नाही म्हणाल्या. हे औषध अशा हृदयाला सोसेल की नाही ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. आबांना घेतलं. कागद खूप होते. बाईंनी ते सगळे वाचून दाखवले. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती. कुणाला कुठली ते रुग्णालाही ठाऊक नाही, आम्हालाही नाही.

आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मंजे मी येवढ्या लांबनं येऊन खडू खायाचा?"

बाई हसल्या. मी आबांना बाहेर नेऊन समजावलं, वर्गात समजावते तसंच. दोन कुंड्या, एकीला खत, एकीला नाही, नाहीतर कळणार कसं की रोप खतानं वाढलं की नुसत्या पावसानं? आबांना कुंड्यांचं पटलं. "मग आमी दुसरी कुंडी झालो तर?" म्हणाले. मी म्हटलं, तर दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. त्यांनी सही केली. ती सही बघवत नव्हती, पण केली. काका बाकावर बसून होता. येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही, आणि मी त्याला चिडवलं, "काका, तुम्ही नापास झालात." आज आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

दिवसाला दोन गोळ्या. एक सकाळी, एक संध्याकाळी. नेहमीच्या गोळ्या होत्याच, या त्यांच्यावर. दोन महिन्यांनी मुंबईला जायचं, रिकाम्या पट्ट्या परत द्यायच्या, हातांची बोटं आपटून दाखवायची, खुर्चीतून उठून दाखवायचं. धाकटा भाऊ मुंबईला असतो, तो एसटी स्टँडवर घ्यायला यायचा. रविवारी मी फोन करायचे, गोळ्या घेतल्या का विचारायचे, आबा "घेतल्या" म्हणायचे, मी वहीत खूण करायचे. वही अगदी सुबक होती. आता तिच्याकडे बघवत नाही.

आणि आबा सुधारले. शिमग्याला त्यांनी स्वतः दाढी केली, दोनच ठिकाणी कापलं. वैशाखात शेजारच्या वाडीत लग्न होतं. पानं मांडली गेली, मी सवयीनं त्यांच्यासाठी घरी न्यायला डबा काढला, आणि बघते तर आबा पंगतीत. डाव्या हातानं उजवं मनगट धरून जेवत होते, सावकाश, पण जेवत होते. शेवटचा भात त्यांनी मागून घेतला. मी मांडवाच्या मागे जाऊन रडले. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला ठाऊक होतं की एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. मुलगी म्हणून मला सिद्ध झालं होतं. काकाही त्या सुमारास जरा बरा दिसत होता. मला वाटलं, भावाला बरं बघून उभारी आली असेल. मी म्हटलं होतं ना, निरीक्षण.

गणपतीनंतरच्या भेटीत डॉक्टरीणबाई थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, या अभ्यासाला पैसा देणारा न्यास पुढच्या टप्प्याचा विचार उन्हाळ्यात करणार आहे. तोवर प्रयोगशाळा चालवायला पैसे कमी पडताहेत, दोन मदतनीस त्यांनी कमी केले. "लोकांना इस्पितळाला पलंग द्यायला आवडतं," म्हणाल्या, "पंखे द्यायला आवडतं. चारदा चुकून पाचव्यांदा काही सापडेल, अशा कामाला कोण देणार?" त्या माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होत्या. पण भाऊ शेजारी उभा होता, आणि भाऊ मंडळाचा सेक्रेटरी.

त्यानं विषय मंडळात नेला. मुंबईत आमच्या गावकीची एक खोली आहे, एके काळी वाडीतली पंधरा-पंधरा पोरं तिथं दाटीनं राहायची. आता तिथं महिन्याची सभा भरते. भाऊ सांगतो, कुणी फारसं काही विचारलंच नाही. एक जण म्हणाला, "रिसर्च मंजे काय, टाइम लागनार," आणि दुसरा म्हणाला, "टाकीला पन लागला व्हता." चुलीमागे ठरावीक रक्कम, नेहमीसारखी. ज्याची चूल वाडीत बंद आहे त्यानंही द्यायची, नेहमीसारखी. एकानं नोकरी नाही म्हणून मुदत मागितली, ती मिळाली, नेहमीसारखी.

पुढच्या भेटीला आबांबरोबर सात जण आले. पांढरे शर्ट, हातात नारळ आणि शाल. इस्पितळाच्या व्हरांड्यात ते रांगेत उभे राहिले तेव्हा रखवालदाराला वाटलं कुणी गेलं. अध्यक्ष म्हणजे आमच्या वाडीतला निवृत्त कंडक्टर. त्यानं बाईंना शाल दिली, नारळ दिला, पाकीट पुढे केलं आणि मग पाकिटावरचा हात काढलाच नाही.

"मॅडम, आमची कंडिशन येकच हाय. या पैशातनं आमच्या मानसाला खरी गोळी द्यायची. खडूची नाय."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की हे पैसे कुणा एकाच्या गोळीचे होऊ शकत नाहीत, गोळी कुणाची कुठली हे त्यांनाच माहीत नाही, आणि माहीत असायलाही नको. अध्यक्ष म्हणाला, देवळाला पायरी दिली तर पायरीवर नाव येतं, इथं तर आम्ही नावही मागत नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्या पैशातून कदाचित असं काही निघेल, जे आबांना मिळणारच नाही. त्यांच्या नातवंडांच्या वेळी मिळेल."

"नातवंडांना पन ह्योच आजार?" मागून कुणीतरी घाबरून विचारलं.

"त्यांच्या नाही, कुणाच्या तरी नातवंडांना."

सगळे अध्यक्षाकडे बघायला लागले. त्यानं पाकिटावरचा हात उचलला. "ऱ्हाऊ दे. काढलेली वर्गनी परत नेत न्हाईत," म्हणाला. बाईंचे डोळे भरले. मला त्या दिवशी माझ्या वाडीचा इतका अभिमान वाटला की महाडला परतल्यावर मी दहावीच्या वर्गात ती गोष्ट सांगितली, मेंदूची आकृती काढून. निघताना बाई मला एकटीला म्हणाल्या होत्या, "आता सगळं या टप्प्यातल्या आकड्यांवर आहे. आकडे स्वच्छ आले तर न्यास पुढे पैसा देईल." मी मान डोलावली होती.

नाताळच्या सुट्टीत मी न कळवता वाडीला गेले. एसटी वेळेत मिळाली, तिन्हीसांजेच्या आधीच चढण चढून अंगणात आले. ओटीवर आबा आणि काका नेहमीसारखे समोरासमोर. आबांच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. त्यांनी अंगठ्यानं एक गोळी दाबून बाहेर काढली, आणि समोर काकानं तळहात पसरला. आबांचा हात थरथरत होता, काकाचाही थरथरत होता. गोळी एकदा हुकली, जमिनीवर पडली. आबांनी वाकून शोधली, पंच्याला पुसली, पुन्हा द्यायला गेले. तिसऱ्या खेपेला काकानं हलणाऱ्या हातावर दुसरा हात धरला तेव्हा ती त्याच्या तळव्यात पडली. त्यानं ती तोंडात टाकली, तांब्यानं पाणी प्यायला. आणि मग दोघांनी मला बघितलं.

"कवा आलीस गो?" आबा म्हणाले. काही लपवल्याचा मागमूस नाही.

मी ओरडले. वयानं पन्नाशीला आलेली बाई, सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांवर अंगणात उभी राहून ओरडले. कधीपासून चाललंय हे? तर पहिल्या महिन्यापासून. सकाळची आबांची, संध्याकाळची काकाची. मला समजेना, हे मला कुणी सांगितलं कसं नाही. काका उठून खाली मान घालून घरी गेला. आबा बसून राहिले.

"त्यो समोर बसून बघत असतो रोज," ते म्हणाले. "येकट्यानं कशी खाऊ?"

आई आतून बाहेर आली, तिला सगळं ठाऊक होतं. ती माझ्यावरच चिडली. देवाला राखणीचा बकरा कापला की पानावर वाटे लागतात, तीस घरांचे तीस, जो आजारी पडून आला नाही त्याच्याही घरी वाटा पोचवतात. विधवेच्या घरी पोचतो, कुलपाच्या घराचा शेजारी ठेवतात. मटणाचा वाटा चुकवत नाहीत, तर औषधाचा चुकवायचा? "तू त्याला गाडीत घालून मुंबईला नेलंस, वासावर नेलंस आनि रिकामा परत आनलास," आई म्हणाली. "तुला कसं वाटलं न्हाय काय?"

मी हृदयाचं सांगितलं, काकाला या गोळीनं काही झालं असतं तर? आई म्हणाली, "झालं न्हाय ना." मी आकड्यांचं सांगायला गेले आणि मधेच थांबले. दोन कुंड्या, एकीला खत, एकीला नाही. आबांनी आपलं खत दोन्ही कुंड्यांना घातलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मी घातलं नसतं, आणि त्या संध्याकाळी मला स्वतःची त्याबद्दल लाज वाटत होती की त्यांच्या खुळेपणाचा राग येत होता, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

महाडला परत येताना एकच गोष्ट डोक्यात होती. बाईंना सांगितलं तर आबा बाहेर. न सांगितलं तर आबांचे खोटे आकडे त्या कागदांत जाणार. अर्ध्या औषधावरचा माणूस पूर्ण औषधावरचा म्हणून मोजला जाणार, आणि त्या आकड्यांवर पुढचा पैसा ठरणार. त्या पैशात वाडीची वर्गणीही होती, नोकरी नसलेल्या पोरानं मुदत मागून भरलेली. आणि काका. आबांना कितीही तंबी दिली तरी ते काकाला गोळी द्यायचं थांबवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळी कारणं सांगण्याच्या बाजूची होती. न सांगण्याच्या बाजूला फक्त ती वैशाखातली पंगत होती.

आठवडाभर मी काही केलं नाही. मग शाळा सुरू झाली त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतून फोन लावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न काकाच्या हृदयाचा विचारला, त्याला लगेच तपासायला घेऊन या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत," म्हणाल्या. "पण आता मला ते वर कळवावं लागेल. आबांना थांबवावं लागेल. माझ्या हातात नाही हो." मी विचारलं, त्यांना यापुढे माझ्याकडे महाडला आणून ठेवलं, मी स्वतः गोळी दिली तर? नाही. निदान ती खरी गोळी होती का तेवढं तरी? अभ्यास संपेपर्यंत कुणालाच कळणार नाही. आणि संपल्यावर? "संपला तर नक्की कळवीन." तो संपायलाही पैसा लागणार होता.

घंटा झाली. मी आठवीच्या वर्गावर गेले आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. पुढे काय शिकवलं ते आठवत नाही.

आबांना खरं काय ते सांगायला मी पुढच्या रविवारी वाडीला गेले. ओटीवर काकाही होता, मी ओरडल्यापासून जरा बाजूला सरकून बसलेला. दोघं माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं असतं तर आबांना कळलं असतं की काकाला वाटा दिला म्हणून गोळ्या गेल्या, आणि काकाला कळलं असतं की आपण घेतला म्हणून भावाचा घास गेला. काका जीव देणाऱ्यातला नाही, पण ओटीवर येणं त्यानं कायमचं सोडलं असतं. आबांना गोळ्यांशिवाय जगवता आलं असतं, काकाशिवाय नाही.

मी म्हटलं, "आबा, इस्पितळाकडचे पैसे संपले. गोळ्या बंद झाल्या."

"मंडळानं दिलं ते?"

"ते पुरले नाहीत."

आबांनी काकाकडे बघितलं. काका म्हणाला, "आजारच मोठा, पैका लागनारच." दोघांनाही ते पटलं. खोटं इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. काकाला मी दुसरंच कारण सांगून हृदय तपासायला नेलं. काही बिघडलं नव्हतं, नशीब.

त्यानंतर आबा उतरत गेले. अर्ध्या गोळ्यांचा आधार गेला म्हणून, की आजाराची चालच ती, की आता काही मिळत नाही हे कळल्यामुळे, मला ठाऊक नाही, आणि ज्यांनी सांगावं त्यांनाही नाही. शिमग्याला त्यांची दाढी आईनं केली. मी दर रविवारी जायचे आणि दर रविवारी मला वाटायचं, मी तो फोन केला नसता तर. मग वाटायचं, केला नसता तर काय, वर्षभरानं अभ्यास संपलाच असता. मग पुन्हा वाटायचं, वर्षभर तर मिळालं असतं. यातून बाहेर यायला वाट नाही. मी मुलांना सांगते की प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, फक्त अजून सापडलेलं नसतं. हल्ली ते वाक्य मी गाळते.

मे महिन्यात वाडी भरली. कुलपं उघडली, देवळात पूजा झाली, आणि पूजेनंतर दरवर्षीसारखी सभा. मी सतरंजीच्या कडेला बायकांत बसले होते. अध्यक्षानं पाण्याचा विषय संपवला, रस्त्याचा संपवला, आणि म्हणाला, "आता आपल्या म्हाताऱ्याच्या औषधाचा इषय." भावानं मला आधी सांगितलं नव्हतं, मला आनंद होईल म्हणून. त्यालाही मी खरं सांगितलेलं नव्हतं.

पैसे संपले म्हणून औषध बंद पडलं, ही गोष्ट वाडीला लागली होती. आपण दिलं ते पुरलं नाही, म्हणजे आपण कमी दिलं. अध्यक्ष म्हणाला, पालखीचं नवं छत्र या वर्षी राहू दे. कुणी हरकत घेतली नाही. पोरांनी क्रिकेटच्या सामन्यांचे बक्षिसाचे पैसे दिले. मागच्या वेळी मुदत मागणारा पहिला उठला आणि देऊन आला. काकूनं कमरेची पिशवी सोडली. मी उठून सांगायला हवं होतं. दोनदा उठले आणि दोनदा बसले. देवळाच्या पायरीवर आबा आणि काका शेजारी शेजारी बसले होते, आणि काका आबांच्या अंगावरच्या माश्या उडवत होता.

मग आबा उठले. चालत माझ्यापर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला. पाय जमिनीला चिकटायचा, ते थांबायचे, पुन्हा टाकायचे. त्यांनी बंडीच्या आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली, रबर लावलेली. ती काय आहे ते मला ठाऊक होतं, घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या दहाव्या-बाराव्याला मुलांवर भार नको म्हणून त्यांनी बाजूला टाकलेले पैसे होते ते. हात इतका हलत होता की मला पिशवी धरता येईना. मी त्यांचा हातच दोन्ही हातांत धरला, तेव्हा ती घेता आली.

"माज्या दिवसाचं पुडे बगू," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेला असेल. मग आणखी खाली वाकून फक्त मला म्हणाले, "बाईना सांग, औंदा जरा जास्त द्या. दोगांना पुरतील येवढ्या."

मी घेतली. अध्यक्षानं टाळ्या वाजवा म्हटलं आणि सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या संपल्यावर आबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कवापासनं चालू व्हतील गो?" सगळी वाडी माझ्याकडे बघत होती, काकासुद्धा.

मी म्हटलं, "पावसाआधी."